चिपर घेताय? कळंबच्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

दारात पंधरा ते तीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर उभा आहे, त्याचा हप्ता अजून फिटायचा आहे आणि मोबाइलवर 'तो' व्हिडिओ पाहून झाला आहे, अशा सर्वांसाठी. त्या व्हिडिओत एक माणूस मांडीएवढी फांदी चिपर नावाच्या यंत्राच्या तोंडात सोडतो. घर्र आवाज होतो, दुसऱ्या बाजूने भुश्शाचा फवारा उडतो, माणूस हसतो आणि व्हिडिओ संपतो. लाकूड कोणतं होतं, ओलं होतं की वाळलेलं, मागे ट्रॅक्टर किती एचपीचा होता आणि तो माणूस पुढच्या वर्षीही हसत होता का, हे व्हिडिओत सांगत नाहीत. ते इथे सांगितलं आहे.

पूर्वानुभवाची गरज नाही. कळंब तालुक्यात चिपर चालवलेली माणसं थोडी आहेत, पण चिपरवर सल्ला देणारी प्रत्येक पारावर बसलेली आहेत.

लागणारं साहित्य

ट्रॅक्टर, एक.
फांद्या, भरपूर (पायरी १ पाहा).
मेव्हणा, एक. "दाजी, घेऊन टाका, लई भारी यंत्र हाय" हे वाक्य त्याच्याकडूनच यावं लागतं. पुढे दोष द्यायला सोपं जातं.
सोयाबीनचे पैसे, किंवा भाव वाढेल ही आशा.
बोटं, दहा. ही काम संपेपर्यंत पुरवायची आहेत.

पायरी १ : आधी झाड शोधा

इतर मार्गदर्शिका यंत्रापासून सुरू होतात. आपल्याला झाडापासून सुरू करावं लागतं, कारण ते सापडायला वेळ लागतो. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत आपल्या धाराशिवचा नंबर लागतो. शेजारी लातूरही त्याच रांगेत आहे, एवढाच दिलासा. अशा मुलखात लाकूड खाणारं यंत्र घ्यायचं, तर त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय आधी बघायला हवी.

म्हणून रानात एक फेरी मारा. बांधावरचा लिंब, विहिरीवरची चिंच, नाल्यातली गावरान बाभूळ, मांजरेच्या काठाने माजलेली वेडी बाभूळ, कधीकाळी कुठल्याशा योजनेत आलेली सुबाभूळ, हे सगळं मोजा. फांद्या मनगटाएवढ्या किती आणि मांडीएवढ्या किती, ते वेगळं लिहा. घरामागचा शेवगा मोजू नका. त्याची फांदी पोरगं लोंबकळलं तरी मोडते.

मोजता मोजता उत्साह वाढून मुळावरच हात घालावासा वाटला, तर जरा थांबा. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन ही झाडं तोडायला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगी लागते. झाड तुमच्याच सातबाऱ्यात उभं असलं तरी लागते. यंत्राचं बिल दाखवून ती मिळत नाही.

पायरी २ : फांदीचे वारस लावा

आता तो ढीग तुमचा आहे असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. आपल्याकडे पडलेल्या फांदीला जेवढे वारस निघतात, तेवढे एखाद्या मोक्याच्या प्लॉटलाही निघत नाहीत.

पहिला हक्क शेळ्यांचा. उस्मानाबादी शेळी बाभळीचा पाला आणि शेंगा काट्यांसकट हिशेबात घेते, आणि तिला ना डिझेल लागतं ना ग्रीस. दुसरा हक्क सुताराचा. कुदळीचा, कुऱ्हाडीचा, फावड्याचा दांडा बाभळीचाच लागतो, आणि सरळ वाढलेली बाभळीची फांदी त्याने दोन वर्षांपासून नजरेने हेरून ठेवलेली असते. तिसरा हक्क कुंपणाचा. काटेरी फांद्या बांधावर ओढल्या की हरभऱ्यात जनावर शिरत नाही. चौथा हक्क चुलीचा. घरात गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी, पुरणाची डाळ आणि लग्नातला भात अजून सरपणावर शिजतो. तुम्ही यंत्राचं नाव काढताच आई एकच प्रश्न विचारेल: "मग चुलीत काय घालू, तुझा भुसा?" या प्रश्नाला कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नाही. शेवटचे वारस वीटभट्टीवाले आणि वेडी बाभूळ जाळून कोळसा करणारे. ते रोख पैसे देतात, म्हणून त्यांचा हक्क शेवटचा असूनही आधी निकाली निघतो.

सगळ्यांचं देऊन झाल्यावर जे उरेल तेवढंच चिपरचं. बहुतेकांच्या बाबतीत इथे एक पाटी उरते.

पायरी ३ : खरा प्रतिस्पर्धी ओळखा

तरीही मार्गदर्शिका इथे संपत नाही, कारण ज्याला एकही वारस नाही असा काडीकचरा तालुक्यात मुबलक आहे. डिसेंबर-जानेवारीत तूर काढल्यावर उभ्या राहणाऱ्या तुराट्या. ज्याने कापूस लावला त्याच्या पळाट्या. ऊस गेल्यावर मागे राहिलेलं पाचट, जे हेक्टरी आठ-दहा टन निघतं. ज्याची द्राक्षाची बाग आहे त्याच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा वर्षातून दोनदा काड्या.

या सगळ्याची विल्हेवाट लावणारं यंत्र आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्याचं नाव काडीपेटी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची किंमत रुपयाची दोन रुपये झाली, तेव्हा चौदा वर्षांनी भाव वाढला म्हणून बातम्या झाल्या. तिला ट्रॅक्टर लागत नाही, ती उधारीवर मिळते आणि अर्ध्या तासात एकर मोकळं करते. सोबत पाचटातला सेंद्रिय कर्ब, वरच्या थरातले जिवाणू, ठिबकची एखादी नळी आणि शेजाऱ्याच्या बांधावरचा लिंबही मोकळा करते, पण ते पावतीवर येत नाही.

तुमचा चिपर दुसऱ्या कंपनीच्या चिपरपेक्षा चांगला आहे का, हे दुकानदार सांगेल. तो काडीपेटीपेक्षा परवडतो का, हे तुम्हाला ठरवायचं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाच्या आहेत.

पायरी ४ : स्वतःच्या ट्रॅक्टरशी ओळख करून घ्या

बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनचा असतो. चिपरला मिळतो तो पीटीओचा, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्याचा. मधल्या गिअरमध्ये थोडी ताकद जिरते. साधारण शंभरातली पंच्याऐंशी-नव्वद मागे पोचते. स्वराज ७१७ हा पंधरा एचपीचा, महिंद्रा जिवो २४५ चोवीसचा, कुबोटा निओस्टार बी २७४१ सत्तावीसचा. पैकी पंधरावाल्याने मागे बारा-तेराच धरावेत, आणि पारावर बोलताना मात्र पंधराच सांगावेत.

दुसरा आकडा ५४०. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, ही गती जगभरच्या ट्रॅक्टरांत रूढ आहे, म्हणून एका कंपनीचं अवजार दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला चालतं. काही मिनी ट्रॅक्टरांना याहून वेगळ्या किंवा दोन-दोन गती असतात. तेव्हा यंत्राला किती फेरे हवेत आणि आपला ट्रॅक्टर कोणत्या लिव्हरला किती देतो, हे माहिती पुस्तिकेत बघा. पुस्तिका ट्रॅक्टरच्या पूजेच्या दिवशी नारळाखाली ठेवली होती, तिथूनच पुढे शोधत जा.

तिसरा आकडा लिफ्टचा. मागची तीन टोकांची जोडणी ही आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची देणगी; त्याने १९२६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट साधारण साडेसातशे किलो उचलते असं कागदावर असतं. पण तो भार जोडणीच्या टोकाशी मोजलेला असतो, आणि चिपरचं वजन त्या टोकापासून हातभर मागे लोंबतं. आठ-नऊशे किलोच्या ट्रॅक्टरला मागे तीन-चारशे किलो टांगले की पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग वळतं, ट्रॅक्टर सरळ जातो. हे रानात कळलं तर बांध फुटतो. येरमाळ्याच्या घाटात कळलं तर येडाईला नवस बोलायलाही वेळ मिळत नाही. पुढे वजनं लावा, किंवा हलकं यंत्र घ्या.

पायरी ५ : यंत्राची जात ओळखा

दुकानात सगळ्यालाच चिपर म्हणतात. प्रत्यक्षात चार वेगळी यंत्रं असतात.

तबकडीचं चिपर: आत एक जड लोखंडी तबकडी, तिच्यावर दोन ते चार पाती. तबकडी जड असते म्हणून तिच्यात वेग साठतो. फांदी आली की त्या साठ्यावर कापते आणि दोन फांद्यांच्या मधल्या वेळात ट्रॅक्टर पुन्हा वेग भरून देतो. छोट्या ट्रॅक्टरला हीच जात सोसते. फांदी मात्र बऱ्यापैकी सरळ हवी.

ढोलाचं चिपर: पाती फिरत्या ढोलावर. वाकडंतिकडं, पाल्यासकट सगळं ओढून घेतं, पण ताकद जास्त खातं. चाळीस-पन्नास एचपीच्या घरातला पाहुणा आहे, आपल्याकडे उतरला तर खर्च वाढतो.

हातोड्यांचं श्रेडर: आत झुलते हातोडे आणि खाली जाळी. हे कापत नाही, कुटतं. वाळक्या तुराट्या, पळाट्या, छाटणीच्या काड्या यांना उत्तम. मनगटाएवढी बाभूळ घातली तर हातोडे आणि बाभूळ यांच्यात तडजोड होते, आणि त्यात नुकसान हातोड्यांचं होतं.

मल्चर: हे ओळीतून ओढत न्यायचं, जमिनीवर पडलेलं तिथेच बारीक करतं. उसाच्या रानातलं पाचट कुटणारी मोठी यंत्रं छोट्या ट्रॅक्टरला झेपत नाहीत. फळबागेतल्या दोन ओळींमधून जाणारी अरुंद यंत्रं मात्र मिळतात.

पाचवी जात घरात आधीच आहे, ती म्हणजे कडबा कुट्टी. प्रत्येक नवशिक्याला एकदा तरी वाटतं की कडब्यासोबत एखादी फांदीही जाईल. पातं जातं.

पायरी १ मधला कागद काढा, त्यात पायरी ३ मधला काडीकचराही लिहा. त्यावर तुराट्या आणि काड्या जास्त असतील तर हातोड्यांचं घ्या. खरोखर लाकूड असेल तर तबकडीचं घ्या. दोन्ही तोंडं असलेलं जोडयंत्रही मिळतं. ते दोन्ही कामं करतं, बेताने.

पायरी ६ : तोंडाच्या आकड्याला भुलू नका

माहितीपत्रकावर 'फांदी क्षमता: चार इंच' असं ठळक छापलेलं असतं. चार इंच हे तोंडाचं माप आहे. घशाचं माप ट्रॅक्टरच्या पीटीओवर ठरतं. शिवाय छापील फांदी मऊ, ओली, सरळ आणि सुस्वभावी असते. आपली बाभूळ यांपैकी काहीच नसते. सुबाभूळ चार इंच गेली म्हणून गावरान बाभूळ चार इंच जाईल असं नाही, आणि उन्हाळाभर वाळलेली बाभूळ तर वेगळाच धातू असतो. छाटल्यावर ओली असतानाच कापावी, यंत्राला अर्धं काम पडतं. आपल्याकडे रीत उलटी: छाटणी संक्रांतीला, यंत्र अक्षय्य तृतीयेला.

पायरी ७ : दुकानात जा, पण आत हात घालून बघा

ढोकी रस्त्याला असो, लातूरला असो की पुण्यात मोशीच्या किसान प्रदर्शनात, यंत्र बंद असताना आणि ट्रॅक्टरला जोडलेलं नसताना झाकण उघडायला लावा. शेठ म्हणेल, "अण्णा, कंपनीचं सील आहे." सील काढायला सांगा. रंग बघायला पैसे देत नाही आपण.

आत तबकडीवरचं पातं आणि त्याच्यासमोरचं बसवलेलं, न हलणारं पातं यांच्यातली फट बघा. कापण्याचं सगळं मर्म त्या फटीत आहे. ती बहुधा एक-दीड मिलिमीटर असते. वाढली की फांदी कापली जात नाही, सोलली जाते, आणि लांब धागे पट्ट्यात अडकतात. फट कमी-जास्त करायला बोल्ट आहेत का? ते बोल्ट साध्या पान्याने फिरतात का? पातं दोन्ही बाजूंनी वापरता येतं का, म्हणजे एक धार गेली की उलटून बसवता येईल? बेअरिंगचा नंबर कळंबच्या दुकानात मिळणारा आहे का? ग्रीसचे निपल दिसतात का, की रंगाखाली गाडले गेले आहेत? गिअर बॉक्सवर चालतं की पट्ट्यावर? पट्टा घसरला तर यंत्र वाचतं, गिअरवाल्यात काहीतरी मोडून वाचावं लागतं. त्याची पायरी पुढे आहे.

शेवटचा प्रश्न हमखास विचारा: "धार कोण लावून देणार?" इथे शेठ फोनवर बोलायला बाहेर जातो.

पायरी ८ : अनुदान

कृषी यांत्रिकीकरणात अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, तेही शासनाने ठरवलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वी सोडत निघायची. २०२५ पासून जो आधी अर्ज करील त्याला आधी, असं ठरलं. शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा. यंत्राचा चाचणी अहवाल आहे का ते बघा; मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रात अशी अवजारं तपासली जातात.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा: पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर. उलट केलं तर यंत्र तुमचं, अनुदान शासनाचं, आणि दोघंही आपापल्या जागी राहतात. या नियमाला बगल देण्याच्या युक्त्या सांगणारा माणूस तहसीलच्या आवारात चहाच्या गाड्यावर भेटतो. त्याचा चहा तुम्हीच देता.

पायरी ९ : जोडणी, पूजा आणि उपरणं

यंत्र घरी आलं. हळद-कुंकू लावा, नारळ फोडा, पेढे वाटा. लिंबू-मिरची बांधायची तर ट्रॅक्टरच्या पुढे बांधा. पीटीओच्या शाफ्टजवळ दोरा, हार, गोंडा, रिबन काहीही बांधू नका.

कारण साधं गणित आहे. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. पाच सेंटिमीटर जाडीच्या दांड्याचा घेर सोळाच्या आसपास. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दीड मीटर कापड गुंडाळलं जातं. खांद्यावरचं दोन मीटरचं उपरणं पुरतं आत जायला तुम्ही "अरे" म्हणेपर्यंतचा वेळ लागतो, आणि उपरण्याचं दुसरं टोक मानेभोवती असतं. म्हणूनच शाफ्टवर प्लॅस्टिकची नळी येते. ती नळी 'खडखड करते' म्हणून पहिल्याच आठवड्यात काढून टाकण्याची आणि पुढे ती पाइप जोडायला वापरण्याची प्रथा आहे. ही प्रथा मोडा. पदर, ओढणी, मोकळी बाही, उपरणं यांना शाफ्टपासून लांब ठेवा.

तोंडाशी उभं राहताना आणखी काही. मळणी यंत्रांत इतके हात गेले की देशाला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. मळणी यंत्राच्या तोंडाला किमान नव्वद सेंटिमीटर लांबीची चाट, म्हणजे माल आत सोडायची पन्हळ, असावी असं भारतीय मानकात आलं, कारण माणसाचा हात त्याहून आखूड असतो. चिपरची चाटही त्याच कारणाने लांब असते. ती 'अडगळ होते' म्हणून कापणारा वेल्डर जवळपास असतोच. त्याला घरी बोलावू नका. फांदीचं बुड आधी सोडा, बाजूला उभं राहा, अडकलेलं दुसऱ्या फांदीने ढकला, पायाने कधीच नाही. चपला नकोत, बूट हवेत. डोळ्यांना चष्मा हवा, तोही गॉगल म्हणून मिरवायचा नाही, लावायचा. ट्रॅक्टर बंद केल्यावरही तबकडी बराच वेळ फिरत राहते. झाकण उघडण्याआधी किल्ली खिशात घाला आणि आवाज पुरता थांबू द्या.

अमेरिकेत फार्गो नावाचं शहर आहे. त्याच नावाच्या १९९६ च्या सिनेमात वापरलेलं चिपर तिथल्या पर्यटन केंद्रात मांडून ठेवलं आहे, लोक त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढतात. यंत्राने काय केलं म्हणून ते प्रसिद्ध झालं, हे जेवणाच्या वेळी विचारू नका. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. तिच्यात एक हात निकामी झाला तर एक लाख आणि दोन झाले तर दोन लाख मिळतात. हा भाव डोळ्यांसमोर ठेवून काम करा.

पायरी १० : मोडणारा बोल्ट मोडू द्या

शाफ्टच्या जोडावर एक मऊ बोल्ट असतो, त्याला शिअर बोल्ट म्हणतात. यंत्रात काही अडकलं की तो तुटतो, शाफ्ट मोकळा फिरतो आणि गिअर बॉक्स वाचतो. तुटणं हीच त्याची नोकरी आहे. असे दहा-बारा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवायचे असतात.

प्रत्यक्षात काय होतं? पहिला बोल्ट तुटतो. दुसरा तुटतो. तिसऱ्या वेळी ड्रायव्हर वैतागून म्हणतो, "मालक, बोल्टच हलका दिला कंपनीनं." मग भंगारातून ट्रकच्या पाट्याचा कडक बोल्ट येतो, हातोड्याने ठोकून बसवला जातो, आणि तो काही केल्या तुटत नाही. गिअर बॉक्स तुटतो. बोल्टाची किंमत चहाएवढी, गिअर बॉक्सची लग्नाच्या आहेराएवढी. बोल्ट वारंवार तुटत असेल तर पाती बोथट झाली आहेत किंवा फांदी झेपण्याबाहेरची आहे, एवढाच त्याचा निरोप असतो.

पाती बोथट होण्याचं कळंबमधलं मुख्य कारण लाकूड नसून लोखंड आहे. कुंपणाच्या फांद्यांत काटेरी तार वाढलेली असते. रस्त्याकडेच्या लिंबात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, भावी सरपंचांचे आणि क्लासेसच्या जाहिरातींचे खिळे असतात. बोर्ड वाऱ्याने जातो, खिळा खोडात राहतो. रस्त्याकडेचं झाड यंत्रात घालण्याआधी मागच्या दोन निवडणुका तपासून घ्या.

पायरी ११ : भुश्शाचं काय करायचं

बारीक झालेलं लाकूड मातीत गाडू नका. ते कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतं, पीक पिवळं पडतं, आणि दोष बियाण्याच्या कंपनीला जातो. वर पसरा: आंब्याच्या, लिंबोणीच्या बुंध्यापासून थोडं लांब, आच्छादन म्हणून. ओल टिकते, खुरपणी कमी होते. वाळवी आली तर घाबरू नका, पण बुंध्याला चिकटवून ढीग लावू नका. वेड्या बाभळीचा भुसा मात्र जिथे बाया अनवाणी खुरपायला बसतात तिथे टाकू नका. काटा बारीक झाला तरी काटाच असतो.

पाचटाची कुट्टी असेल तर तिथेच कुजवा. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू खत, शिवाय ओल, असा शिफारशीचा हिशेब आहे. तुराट्यांचा भुसा पांढरा कोळसा (दाबलेल्या इंधनकांड्या) करणारे घेतात. रांजणीच्या साखर कारखान्यात उसाच्या भुश्शावर बॉयलर पेटतो आणि वीज होते हे तालुका बघतोच. काडीकचऱ्यातही जाळ आहे, फक्त तो रानात न लावता भट्टीत लावावा लागतो.

पायरी १२ : हिशेब

समजा यंत्राची किंमत एक लाख साठ हजार. बारा टक्क्यांनी व्याज वर्षाला एकोणीस हजार दोनशे. दहा वर्षं टिकेल धरलं तर झीज सोळा हजार. पाती, पट्टे, ग्रीस, धार मिळून पाच हजार. झाले चाळीस हजार दोनशे, डिझेल आणि माणूस वेगळा.

तुमच्या एकट्याच्या रानात वर्षाकाठी बारा तासांचं काम निघालं, तर एका तासाला साडेतीन हजारांच्या आसपास पडले. या भावात काडीपेटी जिंकते, आणि कुठल्याही कृषी अधिकाऱ्याने कितीही समजावलं तरी जिंकणार. तेच यंत्र दहा गावांत मिळून दोनशे तास चाललं, तर तासाला दोनशे. इथे काडीपेटी पहिल्यांदा महाग वाटू लागते.

म्हणून नवशिक्यांसाठी आमची निवड अशी: तबकडीचं की हातोड्यांचं हे ठरवण्याआधी भाड्याचं की मालकीचं हे ठरवा. गावात अवजार बँक असेल तर तिथे चौकशी करा. एक हंगाम भाड्याने चालवून बघा. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*जुना घ्यावा का?*
घ्या, पण तबकडी हाताने फिरवून बघा. खरखरली तर बेअरिंग गेलं. विकणारा जर म्हणाला "काही नाही, वापरात नाही म्हणून जाम आहे", तर ते का वापरात नाही हे शेजाऱ्याला विचारा.

*डेमो मागावा का?*
अवश्य. मात्र फांदी आपल्या घरून न्यावी. दुकानातली फांदी रोज तेच काम करून सरावलेली असते.

*ट्रॅक्टर छोटा आहे, मग मोठा घ्यावा का?*
यंत्रासाठी ट्रॅक्टर, ट्रॅक्टरसाठी ट्रॉली, ट्रॉलीसाठी शेड. हा मार्ग बँकेच्या दारात जातो.

*चौघांत मिळून घेतला तर?*
हेच उत्तम, आणि हेच अवघड. पाती, पट्टे, एचपी यांवर कुणाचं भांडण होत नाही. भांडण "आधी कुणाच्या रानात" यावर होतं, कारण तूर सगळ्यांची एकाच पंधरवड्यात निघते. म्हणून यंत्राची पावती फाडण्याआधी एक कागद लिहा: पहिला नंबर चिठ्ठीने, पुढच्या वर्षी शेवटच्याला पहिला, धार लावायचा खर्च तासांच्या प्रमाणात, मोडलं तर ज्याच्या रानात मोडलं त्याने भरायचं, भाऊबंदांना फुकट नाही. सह्या घ्या. चौघांतल्या तात्यांचीही घ्या, ते "माझी सही कशाला, मी घरचाच की" म्हणाले तरी.

एवढा कागद जमला तर दुकानातलं कोणतंही बरं यंत्र घ्या, ते कळंबला पुरून उरेल. नाही जमला तर सर्वांत महागडं घेतलं तरी ते पहिल्या पावसात पत्र्याच्या शेडमध्ये जाईल, आणि पुढच्या जानेवारीत तुराट्या पेटवताना काडी कुणी लावायची, यावर मात्र चौघांचं लगेच एकमत होईल.